जास्त खर्च करणाऱ्याला अडवा म्हणता, मग न करणाऱ्याचं काय?

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२४ पाठोपाठ २०२५ ची वर्ल्ड सिरीजही, म्हणजे लीगचं विजेतेपद, मारली आणि तेव्हापासून एकच ओरड चालू आहे की पैसेवाल्यांनी बेसबॉल विकत घेतलाय, आता सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारावर मर्यादा, आणा नाहीतर खेळाची वाट लागली म्हणून समजा. ओरड करणाऱ्यांकडे आकडे पण आहेत. डॉजर्सकडून शोहेई ओहतानीला १० वर्षांचे ७० कोटी डॉलर, वर्षभराने न्यू यॉर्क मेट्सनी हुआन सोटोला १५ वर्षांचे ७६.५ कोटी डॉलर, आणि दुसऱ्या टोकाला मायामी मार्लिन्स, ज्यांच्या अख्ख्या टीमचा २०२५ चा पगार एकट्या ओहतानीच्या वर्षाच्या ढोबळ आकड्याच्या, म्हणजे ७ कोटी डॉलरच्या आसपास होता. हे बघितलं की कोणालाही वाटणार, ही स्पर्धा नाही, चेष्टा आहे. मेजर लीग बेसबॉलचा खेळाडूंच्या युनियनबरोबरचा सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय आणि बरेचसे मालक कॅपचीच तयारी करून बसलेत.

माझं म्हणणं असं की या सगळ्या भांडणात प्रश्नच उलटा विचारला जातोय. वरचे आकडे डोळे दिपवतात म्हणून सगळे वर बघतायत, जास्त खर्च करणाऱ्याला कसं आवरायचं यावर चर्चा, आणि खाली जो मालक दरवर्षी बाकीच्यांच्या कमाईतून वाटणीचा चेक घेतो, टीम हरली तर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वरचा नंबर मिळवतो आणि एवढं करून त्याच्या टीमची किंमत वाढतच जाते, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. कॅप आणायचीच असेल तर आणा, पण आधी किमान खर्चाची अट घाला, म्हणजे फ्लोअर, आणि ती सुद्धा मोडली तर खिशाला चाट बसेल अशी.

आपण चाहते मालकांबद्दल नेहमी स्वभावाच्या भाषेत बोलतो. हा दिलदार, तो चिकट, ह्याला खेळ कळत नाही, त्याला फक्त पैसा दिसतो. असतीलही तसे, पण स्वभावावरून फार काही हाती लागत नाही. बास्केटबॉलच्या एनबीएमधला डोनाल्ड स्टर्लिंग घ्या. १९८१ मध्ये त्याने क्लिपर्स ही टीम घेतली १ कोटी २५ लाख डॉलरला. पुढच्या तीसेक वर्षांत टीमने जेमतेम तीन प्लेऑफ सिरीज जिंकल्या, त्यातली पहिली २००६ साली, मधल्या काळात क्लिपर्स म्हणजे लीगमधला चालताबोलता विनोद होता. २०१४ मध्ये त्याचं वर्णद्वेषी बोलणं रेकॉर्ड होऊन बाहेर आलं, लीगने हाकललं आणि टीम विकली गेली स्टीव्ह बाल्मरला, २०० कोटी डॉलरला. आता मला सांगा, त्याने तीस वर्षं चांगल्या खेळाडूंवर पैसे खर्च केले असते तर त्याला काय जास्त मिळालं असतं? हरून त्याचं नुकसान काय झालं? काहीच नाही. शिक्षा झाली ती सुद्धा भलत्याच कारणासाठी, वाईट टीम चालवली म्हणून कोणी त्याला एक पैसा दंड लावला नव्हता.

मला वाटतं खेळाडूंवरच्या खर्चाचं सगळं गणित या एका प्रश्नात आहे, हरणं मालकाला किती महाग पडतं. जिथे महाग पडतं तिथे चिकट माणूस पण खर्च करतो, जिथे फुकट आहे तिथे दिलदार माणसाचाही हात आखडतो, लगेच नाही आखडत, चार-पाच वर्षांत आखडतो.

मार्लिन्सचीच गोष्ट सांगतो कारण ती जवळजवळ पाठ्यपुस्तकातली आहे. १९९३ ला टीम मैदानात उतरली, १९९७ ला मालक वेन हुइझेंगाने भरपूर पैसे ओतले, वर्ल्ड सिरीज जिंकली आणि लगेच त्याच हिवाळ्यात खेळाडू विकायला काढले. १९९८ मध्ये त्याच टीमने १०८ मॅच हरल्या, जिंकल्या ५४. चॅम्पियन पुढच्याच वर्षी तळाला. मग टीम जॉन हेन्रीकडे गेली आणि २००२ मध्ये हेन्रीने ती जेफ्री लोरियाला साधारण १५.८ कोटी डॉलरला विकली आणि स्वतः बॉस्टनला रेड सॉक्स घ्यायला गेला (हा हेन्री लक्षात ठेवा, पुढे येतोय). २००३ ला मार्लिन्स परत जिंकले, मग परत विकाविकी. लोरियाची टीम वर्षानुवर्षं लीगच्या वाटणीतून पैसे घ्यायची आणि पगारबिल तळाला ठेवायची, आम्ही गरीब आहोत हे पालुपद कायम, आणि २०१० मध्ये टीमचे हिशेबाचे कागद बाहेर फुटले तेव्हा दिसलं की चक्क नफा होत होता.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला एक गोष्ट झाली होती जी लोक विसरतात. लीगने आणि युनियनने मिळून मार्लिन्सकडून कबूल करून घेतलं की वाटणीचा पैसा खेळाडूंवर घालू, २०१२ पर्यंत पगार वाढवत नेऊ. आणि खरंच वाढवला. २०१२ ला नवं स्टेडियम उघडलं, ज्याचा बराच मोठा खर्च सार्वजनिक पैशातून झाला होता, होजे रेयेसला सहा वर्षांचे १०.६ कोटी डॉलर देऊन आणला, मार्क बर्लीला आणला, सगळीकडे वाहवा. सीझन वाईट गेला, कबुलीची मुदत संपत आली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये रेयेस, बर्ली, जॉश जॉन्सन सगळे एका फटक्यात टोरोंटोला. स्टेडियमचं कर्ज काउंटीकडे, म्हणजे स्थानिक सरकारकडे, खेळाडू कॅनडात. २०१७ ला लोरियाने टीम विकली १२० कोटी डॉलरला.

यातून मी जे घेतो ते लोरिया वाईट माणूस होता हे नाही, ते तर सगळे म्हणतातच. मी हे घेतो की जोपर्यंत डोक्यावर लेखी अट होती तोपर्यंत त्याने खर्च केला. अट गेली, खर्च गेला. माणूस तोच, शहर तेच, टीव्हीचा पैसाही तोच.

आता युरोपात बघा, तिथे आजार नेमका उलटा आहे. फुटबॉलमध्ये तळाच्या टीम खालच्या लीगमध्ये ढकलल्या जातात, टीव्हीचा पैसा एका रात्रीत कोसळतो, स्पॉन्सर पळतात. त्यामुळे हरण्याची भीती खरी आहे आणि भीती खरी असली की मालक कर्ज काढून खेळाडू घेतो. लीड्स युनायटेड २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला पोचली होती, ती पण पुढच्या वर्षी परत क्वालिफाय होऊ या आशेवर पैसे उधार घेऊन, क्वालिफाय झाली नाही, खेळाडू विकावे लागले, २००४ मध्ये प्रीमियर लीगमधून बाहेर, आणि परत यायला १६ वर्षं लागली. म्हणून तिथे नियम मालकांना खर्चापासून वाचवायला आलेत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२५-२६ च्या सीझनपर्यंत तीन वर्षांत १०.५ कोटी पाउंडपेक्षा जास्त तोटा चालत नव्हता, नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हर्टनचे १० पॉइंट कापले, अपिलात त्याचे ६ झाले, नंतर आणखी २ गेले, नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गेले. पॉइंट कापले की कसं लागतं बघा, दंडाचा चेक फाडून विषय संपत नाही.

म्हणजे युरोपातला मालक जास्त शूर आणि अमेरिकेतला जास्त लबाड असं काही नाही. उद्या दोघांची अदलाबदल करा, दोन सीझनमध्ये एकमेकांसारखे वागायला लागतील. आणि ही अदलाबदल झालेली पण आहे, कारण हेन्रीच्याच कंपनीकडे २०१० पासून लिव्हरपूल आहे आणि बॉस्टनमध्ये रेड सॉक्स.

हेन्रीच्या रेड सॉक्सने २००४ मध्ये ८६ वर्षांचा दुष्काळ संपवला, मग २००७, २०१३, २०१८. गरीब नाहीत ते, स्टेडियम कायम भरलेलं, स्वतःचं टीव्ही चॅनेल आहे. २०१८ आणि २०१९ असे सलग लक्झरी टॅक्स (पगारबिल ठरलेल्या रेघेच्या वर गेलं की भरायचा टॅक्स) भरले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये मूकी बेट्सला डॉजर्सला देऊन टाकलं. स्वतःच्या सिस्टममधून वर आलेला, एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झालेला, ऐन भरातला खेळाडू. कारण त्याला पुढे द्यायला लागणारे पैसे आणि टॅक्सची रेघ. डॉजर्सनी त्याला १२ वर्षांचे ३६.५ कोटी दिले आणि त्याच्याबरोबर २०२०, २०२४, २०२५ अशा तीन सिरीज जिंकल्या. हे लक्षात घ्या की ज्या डॉजर्सच्या नावाने आज बोटं मोडली जातायत त्यांच्या टीमचा एक खांब एका तितक्याच श्रीमंत मालकाने स्वतःहून उचलून दिलेला आहे. एनबीएमध्ये ओक्लाहोमा सिटीने २०१२ ची फायनल खेळल्यावर चार महिन्यांत जेम्स हार्डनला असंच टॅक्सच्या भीतीने ह्यूस्टनला पाठवलं होतं, सहा वर्षांनी तो एमव्हीपी झाला.

लक्झरी टॅक्स ही रेघ मुळात अति करणाऱ्यांसाठी होती. झालं काय की ती मालकांना सभ्य बहाणा म्हणून मिळाली. मला पैसे द्यायचे नाहीत असं कोणी म्हणत नाही, आमची टॅक्सची सिच्युएशन अशी आहे असं म्हणतात, आणि गंमत म्हणजे चाहते पण तीच भाषा बोलायला लागलेत, ट्रेड झाला की पहिला प्रश्न टीम सुधारली का हा नसतोच, आता पुढच्या तीन वर्षांत पगारातून किती मोकळे झालो हा असतो. अरे तुझे आहेत का ते पैसे? तिकीट स्वस्त होणारे का?

दुसरा बहाणा हुशारीचा. २००२ च्या ओकलंड ए'जनी ४ कोटी डॉलरच्या आसपासच्या पगारबिलावर १०३ मॅच जिंकल्या, तेवढ्याच जिंकलेल्या यांकीजचं बिल त्याच्या तिप्पट होतं. ती टीम उभी करणारा मॅनेजर बिली बीन, त्याचं डोकं भन्नाट होतं यात वादच नाही. पण या गोष्टीतून मालकांनी जो धडा घेतला तो म्हणजे कमी पैशात होतं तर. आणि ते कमी पैशात होतं कशामुळे ते फार कोणी सांगत नाही. बेसबॉलमध्ये खेळाडू मेजर लीगमध्ये आल्यावर साधारण पहिली तीन वर्षं टीम देईल ते घेतो, मग तीनेक वर्षं लवादाच्या जोरावर थोडं वाढतं, आणि सहा वर्षं भरल्यावरच तो खुल्या बाजारात जाऊ शकतो. म्हणजे हुशार टीमच्या बचतीचा मोठा भाग हा तरुण पोरांना त्यांच्या खेळाच्या मानाने फार कमी पगार देण्यातून येतो. या सहा वर्षांची पण चोरी होते. क्रिस ब्रायंटला कब्सनी २०१५ च्या सुरुवातीला मायनरमध्येच, म्हणजे खालच्या लीगमध्ये, ठेवला, सीझनचे १७२ दिवस भरले की पूर्ण वर्ष धरतात, त्याचे १७१ भरले. एक दिवस! पोरगा त्या वर्षी बेस्ट रूकी, म्हणजे सर्वोत्तम नवखा, पुढच्या वर्षी एमव्हीपी आणि कब्सची १०८ वर्षांतली पहिली सिरीज. त्याने तक्रार केली, २०२० मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध लागला.

हुशारीला माझा विरोध नाही. टँपा बे रेज दोनदा वर्ल्ड सिरीजला गेले, मिलवॉकीने २०२५ मध्ये लीगमध्ये सगळ्यात जास्त, ९७ मॅच जिंकल्या, बघायला मजा येते असल्या टीम. पण तेच मिलवॉकी डॉजर्ससमोर ४-० ने गेलं, आणि ओकलंडची ती हुशार टीम तर ओकलंडमध्ये राहिलीसुद्धा नाही. मालक जॉन फिशर २०२४ च्या सीझननंतर तिला उचलून सॅक्रामेंटोच्या मायनर लीगच्या मैदानावर घेऊन गेला, पुढे लास व्हेगसला जायचं म्हणून.

बरं, मग पैसे ओतले की जिंकतात का? अजिबात नाही. हे पण नीट बोललं पाहिजे कारण कॅपवाल्यांचा अर्धा युक्तिवाद यावरच उभा आहे. स्टीव्ह कोहेनच्या मेट्सने २०२३ मध्ये १० कोटी डॉलर तर नुसता टॅक्स भरला आणि ७५ मॅच जिंकून घरी बसले, सोटो आल्यावर २०२५ मध्ये पण प्लेऑफ हुकलं. फिनिक्स सन्स २०२४-२५ ला एनबीएतली सगळ्यात महागडी टीम, ३६ विजय, ४६ पराभव. चेल्सीचे नवे मालक २०२२ मध्ये आले, आठ-आठ वर्षांची कॉन्ट्रॅक्ट वाटत सुटले कारण खरेदीची किंमत तेवढ्या वर्षांत विभागून दाखवता यायची, युरोपच्या फुटबॉल संघटनेला, युएफाला, शेवटी पाच वर्षांची मर्यादा घालावी लागली, आणि पहिल्या सीझनला नंबर आला बारावा. पॅरिसने नेमारसाठी २०१७ मध्ये २२.२ कोटी युरो दिले, मेसी आणला, एमबापे होताच, आणि चॅम्पियन्स लीग जिंकली कधी, तर २०२५ मध्ये, तिघंही गेल्यावर, इंटरला फायनलमध्ये ५-० ने फोडून.

पैशाने विजय मिळत नाही, पैशाने चुका परवडतात. हा फरक फार महत्त्वाचा आहे. मेट्सनी २०२३ मध्येच शर्झर आणि वरलँडर या महागड्या पिचरना विकलं तेव्हा त्यांच्या पगाराचा मोठा हिस्सा स्वतः भरला आणि बदल्यात तरुण खेळाडू घेतले, म्हणजे फसलेला डाव पण पैसे लावून अर्धामुर्धा वसूल केला. छोट्या टीमचं एक मोठं कॉन्ट्रॅक्ट फसलं की पाच वर्षं गेली. त्यामुळे छोट्या मालकाची भीती खोटी नाही हे मी मान्य करतो. पण त्या भीतीवर इलाज म्हणून वाटणीचा पैसा आहे ना, तो कुठे जातो एवढंच विचारतोय.

कॅपचे समर्थक अमेरिकन फुटबॉलच्या लीगकडे, एनएफएलकडे, बोट दाखवतात. तिथे १९९४ पासून कॅप आहे आणि बघा कोणीही जिंकू शकतं. ठीक, पण एनएफएलमधलं अर्धंच उचलून कसं चालेल? तिथे राष्ट्रीय टीव्हीचा पैसा सगळ्यांना सारखा वाटतात. ग्रीन बे पॅकर्स ही भागधारक चाहत्यांची टीम असल्यामुळे तिचे आकडे जाहीर होतात, २०२४ च्या सीझनला लीगकडून तिला मिळाले ४३.२६ कोटी डॉलर आणि त्या वर्षी कॅप होती २५.५४ कोटी. म्हणजे एक तिकीट विकायच्या आधी सगळा पगार निघतो आणि वर पावणेअठरा कोटी हातात राहतात. शिवाय तिथे टीमना ठरावीक काळात कॅपच्या ९० टक्के खर्च करावाच लागतो आणि लीगच्या कमाईतला किमान ४८ टक्के वाटा खेळाडूंना करारानेच बांधलेला आहे. एनबीएमध्ये पण कॅपच्या ९० टक्क्यांचा फ्लोअर आहे आणि खेळाडूंचा वाटा निम्म्याच्या आसपास. हे तीन पाय आहेत, वाटणी, फ्लोअर आणि ठरलेला हिस्सा. बेसबॉलचे मालक फक्त चौथा, कॅपवाला पाय मागतायत, आणि बाकीचे तुकड्यातुकड्यात देऊ म्हणतात.

कॅप असून मजबूत युनियन नसेल तर काय होतं त्याचं उदाहरण आयपीएल. तिथे स्पर्धा बरोबरीची आहे, २०२५ च्या सीझनला प्रत्येक टीमला १२० कोटी रुपयांची पर्स, त्यातले ७५ टक्के तरी खर्च करायलाच हवेत, ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले की दोन दिवस तोच विषय. पण दहा टीमच्या पर्स मिळून झाले १,२०० कोटी, मॅच फीचे प्रत्येकी १२.६० कोटी धरले तर १,३२६ कोटी, आणि २०२३ ते २०२७ चे मीडिया हक्क विकले गेलेत ४८,३९० कोटींना, म्हणजे वर्षाला सरासरी साडेनऊ हजार कोटींच्या वर. तिकिटं, स्पॉन्सर सगळं बाजूला ठेवलं तरी खेळाडूंच्या वाट्याला मीडियाच्या पैशातले चौदा टक्केसुद्धा येत नाहीत. फ्लोअर असूनही. कारण कॅपच कमाईला बांधलेली नाही आणि ती बांधा म्हणणारं टेबलाच्या पलीकडे कोणी बसलेलंच नाही. २७ कोटीचा आकडा बघून खेळाडू किती कमावतात असं जे वाटतं ना, तो त्या लिलावाच्या टीव्ही शोचा परिणाम आहे.

आता नेहमीचा आक्षेप, टीम मालकाची, पैसा मालकाचा, खर्च करेल नाहीतर नाही करणार, तुम्ही कोण? दुसऱ्या कुठल्या धंद्यात हे मी ऐकून घेतलं असतं. पण इथे स्टेडियमला लोकांचा पैसा लागतो, आपल्या भागात दुसरी टीम येऊ नये याची लीगकडून हमी असते, आणि अमेरिकन बेसबॉलला तर १९२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट आहे. स्पर्धेपासून एवढं संरक्षण घेतल्यावर खुल्या बाजाराची भाषा शोभत नाही. १९८५ ते ८७ मध्ये तर मालकांनी आपसात ठरवून दुसऱ्यांचे फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळे झालेले खेळाडू, घ्यायचेच नाहीत असं केलं होतं, पकडले गेले, १९९० मध्ये खेळाडूंना २८ कोटी डॉलर द्यावे लागले. म्हणजे खर्च कमी करण्यासाठी एकजूट त्यांना जमते.

आणि परवडत नाही म्हणता तर हिशेब दाखवा. अटलांटा ब्रेव्ह्जची मूळ कंपनी शेअर बाजारात आहे म्हणून आपल्याला कळतं की २०२४ मध्ये तिचं उत्पन्न ६६ कोटी डॉलरच्या घरात होतं. बाकी बहुतेक टीमचं काय आहे ते देव जाणे आणि त्यांचा अकाउंटंट जाणे.

फ्लोअरला एक खरा आक्षेप आहे आणि तो मालकांकडून नाही, युनियनकडून येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये मालकांनी १० कोटी डॉलरचा फ्लोअर देऊ केला होता, पण त्याच्याबरोबर टॅक्सची रेघ २१ कोटींवरून १८ कोटींवर आणायची होती, म्हणजे खालून एक रुपया द्यायचा आणि वरून दोन काढून घ्यायचे. युनियनने नाही म्हटलं, बरोबरच केलं. त्यांना भीती वाटते की फ्लोअर मान्य केला की पाठोपाठ कॅप येते, आणि १९९४ ला याच कॅपवरून २३२ दिवस संप झाला होता, वर्ल्ड सिरीज रद्द झाली होती, ते कोणी विसरलेलं नाही. मला ही भीती पटते, पण पूर्ण नाही. युनियनमध्ये मोठ्या नावांचं वजन जास्त असतं आणि ५० कोटीवाल्या खेळाडूला खालच्या टीम काय देतात याने फारसा फरक पडत नाही. पडतो तो तिशीतल्या मधल्या फळीच्या खेळाडूला, ज्याला आधी तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मिळायचं आणि आता फेब्रुवारीपर्यंत फोन वाजत नाही.

यावर तोडगा नवा शोधायला नको, सध्याच्या करारातच पडलाय. वाटणी घेणाऱ्या टीमने मिळालेल्या रकमेच्या दीडपट तरी पगारबिल ठेवावं अशी त्यात अपेक्षा आहे, नाही ठेवलं तर युनियन तक्रार करू शकते आणि पैसे खेळावर खर्च केले हे सिद्ध करायची जबाबदारी टीमवर येते. एवढ्या नखभर अटीने काय केलं बघा, डिसेंबर २०२४ मध्ये ए'जनी, होय त्याच ए'जनी, लुईस सेव्हेरिनोला तीन वर्षांचे ६.७ कोटी डॉलर दिले, त्यांच्या तोपर्यंतच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं कॉन्ट्रॅक्ट. जॉन फिशरला एकदम बेसबॉलचं प्रेम आलं म्हणून नाही, तक्रारीची टांगती तलवार होती म्हणून. आणि २०१८ मध्ये युनियनने मायामी, पिट्सबर्ग, टँपा आणि ओकलंड या चौघांविरुद्ध अशीच तक्रार केली होती ती वर्षानुवर्षं रेंगाळली, हा त्या कलमाचा कमकुवतपणा. तक्रार, सुनावणी, तारखा यात सीझन निघून जातात.

म्हणून तक्रारीची वाट न बघता चेक आपोआप कापला जावा. तीन वर्षांची सरासरी धरा, म्हणजे एखादी टीम खरोखर नव्याने बांधणी करत असेल तर एक वर्ष खाली जायला जागा राहील आणि नुसता आकडा गाठायचा म्हणून कुठल्याही थकलेल्या खेळाडूला पैसे वाटायची पाळी येणार नाही. त्यानंतरही कमी पडले तर वाटणी बंद आणि ड्राफ्टचा पहिला नंबर पण बंद. जो घेतो त्याने हिशेब उघडा करायचा ही पण अट, ज्याला उघडा करायचा नाही त्याने वाटणी घेऊ नये. यात कोणाच्या खर्चावर वरून काही बंधन येत नाही, त्यामुळे युनियनला कॅपची भीती घालता येणार नाही, आणि मालकांना स्पर्धेची एवढी काळजी आहे ना, मग त्यांनी याला नाही म्हणायचं काही कारण दिसत नाही.

नाही म्हणतीलच, ते वेगळं. तीस मालकांत वाटणी घेणारे आणि देणारे दोन गट आहेत, आणि देणाऱ्यांना खरं तर हे आवडायला हवं की आपला पैसा कुठे जातो ते कळेल, पण तेच देणारे कॅप आली तर स्वतःचाही खर्च वाचेल म्हणून घेणाऱ्यांबरोबर बसतात. डिसेंबरच्या आसपास कॅपचा आकडा किती असावा यावर रोज बातम्या येतील, सूत्रांच्या हवाल्याने वगैरे. मी त्या सोडून देणार आणि दीडपटीच्या कलमाचं काय केलं ते आधी वाचणार.